पोलिसांनी हात केला, आणि मी गाडी पळवली

पोलिसांनी हात केला तेव्हा मी गाडीचा वेग कमी केला होता. हे मला स्वच्छ आठवतं, कारण पुढं जो तो मला हेच विचारायचा. ठाण्यातले साहेब, वकील, बायको, मोठा भाऊ. दिसलेच नाहीत का? दिसले होते. रस्त्यावर तिरकी लावलेली दोन बॅरिकेड, वर लुकलुकणारा लाल-निळा दिवा, हातात लाल लाईटचं दांडकं घेतलेला खाकीतला माणूस. मी चौथ्या गिअरवरून दुसऱ्यावर आलो, काच अर्धी खाली घेतली. बाहेरची गार हवा आत आली आणि गाडीत कोंडलेला दारूचा वास मला पहिल्यांदा जाणवला. तिथं मी परत रेस दिली.

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. माझं मानवतला कृषी सेवा केंद्र आहे. खत, बी-बियाणं, औषधं. दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत आमच्या धंद्यातली पंधरा-वीस माणसं कुणाच्या तरी रानात जमतात. त्या वर्षी माजलगावच्या अलीकडं एका मित्राच्या शेतात बसलो होतो. आमच्या लहानपणी हुरडा म्हणजे पाहुण्यारावळ्यांना, लेकराबाळांना घेऊन करायची गोष्ट होती. आगटीभोवती बसायचं, कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे तोंडात टाकायचे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. आता हुरडा पार्टी म्हटलं की बाटली आधी येते आणि कणसं मागून. बायका-पोरांना कुणी नेत नाही. मला ही गोष्ट तेव्हाही आवडत नव्हती, तरी मी जायचो आणि प्यायचो. न पिता बसलं की चारचौघांत वेगळं पडल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर मला प्यायला आवडायचंही.

किती प्यालो? ठाण्यात मी 'दोनच' म्हणालो. तिथं आलेला प्रत्येक जण दोनच म्हणतो, हे मला हवालदारांनी नंतर सांगितलं. दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत मी पाच-सहा पेग घेतले होते. निघताना एकानं लिंबू पिळून पाणी दिलं, दुसऱ्यानं बडीशेप दिली. यजमान मित्र म्हणाला, "इथंच टेक, सकाळी जा." त्याचं अंथरूण ओसरीत घालून तयार होतं. मी म्हणालो, सकाळी सातला दुकान उघडायचंय. ते काही खरं नव्हतं, दुकान मी नऊला उघडतो. मला फक्त 'जमत नाही' असं म्हणवत नव्हतं.

राष्ट्रीय महामार्ग ६१ माझ्या पायाखालचा. माजलगावहून निघालं की ढालेगावला गोदावरी ओलांडायची, मग पाथरी, मग मानवत. वीस वर्षं हा रस्ता मी केलाय. डोळे झाकून जाईन, असं मी लोकांना सांगायचो.

नाकाबंदीवरून पुढं गेल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर खिशातला फोन काढला. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या पीएचा नंबर माझ्याकडं होता. त्यांच्या निवडणुकीत मी गाडी दिली होती, दुकानावर त्यांचा फोटो लावला होता. एका हातात स्टिअरिंग, एका हातात फोन, आरशात मागं जीपचा दिवा. मला कुठं लांब पळून जायचं नव्हतं. फोन लागेपर्यंतचा वेळ हवा होता. फोन लागला की 'आपलाच माणूस आहे' एवढं कुणीतरी सांगेल आणि विषय मिटेल, हा हिशोब माझ्या डोक्यात इतका मुरलेला होता की दारूत बाकी सगळं विसरलो तरी तो विसरलो नाही. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण नाकाबंदी पाहून गाडी दामटणाऱ्या आमच्यासारख्यांना पोलिसांची भीती असतेच असं नाही. मला भरवसा होता. चुकीच्या गोष्टीचा भरवसा.

फोन वाजत राहिला. उचलला नाही.

डाव्या हाताला एका गावाचा फाटा आला, मी गाडी आत घातली. कॅनॉलच्या चारीच्या कडेनं जाणारा एकपदरी डांबरी रस्ता. मागचा दिवा फाट्यावर दिसला, तसे मी हेडलाईट बंद केले.

ऊसतोडीच्या दिवसांत, अंधारात, बिनलाईटची गाडी. आमच्या भागात राहणाऱ्याला मी काय केलं ते समजावून सांगायला नको. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या टोळ्या कोयते घेऊन घराबाहेर पडतात, ते मार्चपर्यंत रस्त्यावरच असतात. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टायरगाड्या म्हणजे टायरच्या बैलगाड्या, रात्री-अपरात्री पायी निघालेली बिऱ्हाडं. दर हंगामात कुठं ना कुठं मागून धडक बसल्याची बातमी येते. मी स्वतः व्यापारी मंडळाच्या कार्यक्रमात ट्रॉल्यांना मागून लाल रिफ्लेक्टर चिकटवून दिलेत, फोटो काढून घेतलेत.

चांदणं नव्हतं. डांबराची कड अंदाजानं धरून मी किती गेलो असेन, अर्धा किलोमीटर. पुढं रस्ता वळतोय असं वाटलं म्हणून लाईट लावले. समोर डोळे. हिरवट, चमकणारे, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, जोडीजोडीनं, एकामागं एक. बैल होते. चार टायरगाड्या माझ्याकडं तोंड करून येत होत्या. पहिल्या जोडीतला उजवीकडचा बैल मान वर करून थांबला, त्याच्या शिंगाला बांधलेला लाल गोंडा हलला, एवढं मला दिसलं. मी स्टिअरिंग डावीकडं ओढलं. गाडी चारी ओलांडून पऱ्हाटीच्या रानात घुसली आणि पुढचं चाक खड्ड्यात बसून थांबली. वाळलेल्या पऱ्हाट्या मोडल्याचा कडकड आवाज संपल्यावर कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. टायरगाडीच्या मागं डालग्यात बांधलेल्या कोंबड्या होत्या.

कपाळाला खोक पडली होती, बाकी मला काही झालं नव्हतं. दोघा माणसांनी दार उघडून मला बाहेर काढलं. एका फडातलं काम संपवून ती टोळी दुसऱ्या गावच्या फडावर निघाली होती, सगळं बिऱ्हाड गाड्यांवर. पत्र्याची पेटी, भांडी, कोपीचं म्हणजे झोपडीचं सामान, बैलांसाठी वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि त्या वाढ्यावर गोधड्यांत झोपलेली लेकरं. मी वाट बघत होतो की आता कुणीतरी कानाखाली लावील. कुणी हात उचलला नाही. एक बाई मोबाईलचा उजेड घेऊन गाडीवर चढली होती आणि गोधड्या बाजूला करून मोजत होती. "एक, दोन, तीन... ह्यो चार." खाली उतरून दुसऱ्या गाडीवर चढली, तिथं मोजली. मग परत पहिलीवर आली आणि परत मोजली. तिच्या उजेडात एका लेकराचा हात गोधडीच्या बाहेर आलेला मला दिसला. लाल स्वेटरची बाही, कोपरावर उसवलेली. ते लेकरू जागंही झालं नव्हतं.

टोळीतला एक म्हातारा माणूस माझ्याजवळ आला, वास आल्यावर दोन पावलं मागं झाला. "पावनं, लाईट तर लावायचे व्हते," एवढंच म्हणाला.

जीप आली. पोलिसांनी मला चाचपलं, गाडीची चावी काढून घेतली. त्यांच्यातल्या हवालदारांनी विचारलं, "कामून पळालाव?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हाच फोन वाजायला लागला. पीएचा उलटा फोन. स्क्रीनवर ते नाव हवालदारांनीही बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी फोन बंद केला. मी फार मोठं काही केलं असं मला म्हणायचं नाही. त्या बाईची मोजणी अजून कानात होती, दुसरं कुठलं बोलणं तोंडातून निघालं नसतं.

पुढची रात्र सगळी कागदांची होती. ती जरा सविस्तर सांगतो, कारण 'धरलं की काय होतं' याबद्दल आमच्याकडं ऐकीव गोष्टीच जास्त चालतात.

आधी जीपमध्येच श्वासाचं मशीन. माझ्यासमोर पाकीट फोडून नवी प्लास्टिकची नळी लावली. "एका दमात फुंका, बीप थांबेपर्यंत सोडू नका." पहिल्या वेळी माझा दम तुटला, दुसऱ्यांदा फुंकावं लागलं. आकडा आला ११२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणं १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. किराणा दुकानातल्या बिलासारखी एक चिठ्ठी मशीनमधून निघाली, तिच्यावर माझी सही घेतली. वेळ रात्रीचे ११ वाजून २० मिनिटं.

मग ग्रामीण रुग्णालय. श्वासाचा आकडा असला तरी रक्त घेतात, आणि ते अटकेपासून दोन तासांच्या आत घ्यावं लागतं, म्हणून सगळे घाईत होते. नाही म्हणता येतं का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "नाही म्हणालात तर तसं लिहिणार. योग्य कारण नसताना दिलेला नकार कोर्टात तुमच्याच विरोधात जातो." त्यांनी मला वार विचारला, तारीख विचारली, फरशीच्या रेषेवरून चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली. माझं बोलणं, चाल, तोंडाचा वास, सगळं कागदावर उतरत गेलं. मी सरळ चाललो असं मला वाटलं होतं. कागदावर 'चाल अस्थिर' असं आलं.

सिस्टर रक्त काढायला आल्या तेव्हा त्यांनी स्पिरिटचा बोळा वापरला नाही. साध्या पाण्यात भिजवलेला कापूस फिरवला. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, ते नमुन्यात गेलं तर उद्या कुणीही शंका काढील. दोन बाटल्या भरल्या, नावाची पट्टी लावली आणि मग टेबलावर मेणबत्ती पेटवून लाखेची कांडी धरली. थेंब थेंब लाख झाकणावर पडत होती, तिच्यावर शिक्का दाबत होते. घरातल्या लग्नपत्रिकांना हळद लावताना जशी काळजी घेतात तेवढ्या काळजीनं रात्री पाऊण वाजता ती माणसं माझं रक्त बंद करत होती. मी बघत बसलो.

डॉक्टर हात धुताना सहज बोलल्यासारखं बोलले, ते मी आता प्रत्येकाला सांगतो. लिंबू, चहा, ताक, गार पाण्याची आंघोळ, यानं दारू उतरत नाही. माणूस फक्त जागा होतो. लिव्हर आपल्या वेगानं काम करतं, साधारण तासाला १५ मिलिग्रॅम, ढोबळ हिशोबानं. माझे ११२ चे ३० व्हायला साडेपाच तास लागले असते. म्हणजे मित्राच्या ओसरीत झोपून पहाटे पाच वाजता उठलो असतो तर. अंथरूण घातलेलं होतं.

त्याच रुग्णालयात पलीकडच्या खोलीत एका माणसाच्या तळहाताला टाके पडत होते. तो नाकाबंदीवरचा होमगार्ड होता, ज्यानं मला हात केला होता तोच. हे मला ठाण्यात गेल्यावर कळलं.

ठाण्यात साहेबांनी सगळ्यात आधी अटकेचं कारण वाचून दाखवलं आणि 'कुणाला कळवायचं' विचारलं. मी सवयीनं परत पुढाऱ्याच्या माणसाचं नाव काढलं. "घरच्याचा नंबर द्या," ते म्हणाले. मी मोठ्या भावाचा दिला. मग ते दुसऱ्या साहेबांशी बोलत होते, ते बाकावरून मला ऐकू येत होतं. होमगार्डच्या अंगावर गाडी घातली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, म्हणजे सरकारी माणसाला कर्तव्यापासून अडवण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ३५३. आमच्याकडं पोराटोरांना हा आकडा पाठ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. माझी दारू तिथं पूर्ण उतरली.

होमगार्ड हाताला पट्टी बांधून आला. पस्तिशीचा असेल, दाढी वाढलेली, एका पायातला बूट चिखलानं भरलेला. त्याचा जबाब घेताना मी तीन हातांवर बसलो होतो. त्याच्या जागी मी असतो तर काय म्हणालो असतो याचा मी नंतर पुष्कळदा विचार केला. तो म्हणाला, "गाडी माझ्या अंगावर नाही आली साहेब. आधी थांबतोय असं वाटलं, मग रेस केल्याचा आवाज आला म्हणून मी मागं सरलो अन् नालीत पडलो. काच व्हती तिथं." साहेबांनी परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. जबाबावर सही करताना उजव्या हाताला पट्टी, म्हणून त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. लिहिता-वाचता येणारा माणूस होता तो.

१३२ लागलं नाही. मोटार वाहन कायद्याचं १८५, आदेश न पाळल्याचं १७९, न्याय संहितेचं २८१, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, आणि त्याला दुखापत झाली म्हणून १२५. ही जामीनपात्र कलमं. पहाटे भाऊ आला, जामीनदार म्हणून सातबारा आणि आधार घेऊन. ठाण्यातच टेबल जामीन झाला. भाऊ वाटेत एक शब्द बोलला नाही. आमच्या दादांना मी लहानपणापासून घाबरतो, त्यांनी रागवावं असं त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं.

बायकोनं चहा ठेवला आणि उभ्यानंच विचारलं, "तुम्ही पिता ते मला ठावं हाय. पण पळालात?" मी तिला बैलांचं सांगितलं, गोधड्यांचं सांगितलं. ती खाली बसली. दोन दिवस आमच्या घरात रेडिओ लागला नाही.

बाकीची कामं म्हणजे हेलपाटे. गाडी ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी. ती सोडवायला कोर्टात अर्ज, बंधपत्र, सुपुर्दनामा. सव्वीस दिवस गेले. दुरुस्तीला ३८,००० रुपये लागले, ते खिशातून, कारण दारू पिऊन चालवताना झालेलं नुकसान विमा देत नाही. पॉलिसीत ते लिहिलेलं असतं, वाचतो कोण. लायसन्स पोलिसांनीच काढून घेऊन परभणीला आरटीओकडं पाठवलं होतं. तिथून नोटीस आली, म्हणणं मांडायला बोलावलं. ऑफिसबाहेर एकानं बाजूला घेऊन 'करून देतो' म्हणून सांगितलं, मी आत गेलो आणि झालं ते खरं लिहून दिलं. तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित झालं. ते तीन महिने मी एसटीनं हिंडलो. माल उतरवायला, उधारी वसूल करायला, सगळीकडं. एसटीच्या खिडकीतून रात्री टायरगाड्या दिसल्या की मी मागं रिफ्लेक्टर आहे का ते बघायचो. बहुतेक गाड्यांना नसायचा.

मार्चमध्ये आम्ही दुकानदारांनी परत रिफ्लेक्टर वाटले. या वेळी फोटो काढले नाहीत. बैलांच्या शिंगांना लावायची चमकती पट्टीही मिळते, ती मी स्वतः बांधली, पंचवीस-तीस जोड्यांना. ज्या टोळीला मी आडवा गेलो ती टोळी मात्र परत भेटली नाही. त्यांचे जबाब पोलिसांनी त्याच रात्री घेतले होते, त्यातून त्यांचा तालुका मला कळला होता. मला जायचं होतं. दादा म्हणाले, "साक्षीदार हायत ते. केस संपंस्तवर त्यांच्या दारात जायचं नाही. माफी मागायला गेलास तरी दाब टाकायला आला म्हणतील, अन् त्यांचं बरोबर राहील." म्हणून गेलो नाही.

सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतला रक्ताचा अहवाल, यायला वेळ लागला. ०.०९५ टक्के. म्हणजे १०० मिलीलीटरला ९५ मिलिग्रॅम. दीड तासात ११२ वरून ९५ वर; डॉक्टर म्हणाले होते साधारण त्याच चालीनं.

माझे वकील चांगले आहेत, अनुभवी आहेत. दोषारोपपत्र वाचून म्हणाले, "घाई करू नका. श्वासाच्या मशीनचं कॅलिब्रेशन विचारू, सीलबद्दल विचारू. आणि टोळीवाले साक्षीदार सहा महिन्यांनी कुठं असतील कुणास ठाऊक. समन्स पोचायचं नाही. सुटेल." त्यांचं काम ते करत होते, त्यांना मी दोष देत नाही. पण ते बोलत असताना माझ्या डोळ्यांपुढं तो फाटा आला, मागच्या जीपचा दिवा, आणि लाईटच्या बटणावरचं माझं बोट. हेही पळणंच होतं, फक्त दिवसाढवळ्या, कागदावर. शिवाय त्या बाईला मजुरी बुडवून, लेकरू काखेला मारून कोर्टाच्या पायरीवर येऊन बसावं लागलं असतं, माझ्यासाठी. मी म्हणालो, "साहेब, कबूल करायचंय." ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "दुसऱ्यांदा सापडलात तर याच कबुलीमुळं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. हे कळतंय ना?" कळत होतं.

मृग निघाल्यावर एक दिवस दुकानात गर्दी होती. सोयाबीनच्या बॅगा घ्यायला आलेल्या माणसांत तो होमगार्ड होता. साधा सदरा-पायजमा, ओळखू आला नाही. पैसे मोजायला त्यानं हात पुढं केला तेव्हा तळहातावरचा आडवा व्रण दिसला. मी काउंटरच्या बाहेर आलो. काय बोलावं ते सुचेना, मी म्हणालो, "पैसे राहू द्या." त्यानं मान हलवली. "दोन बॅगांचे झाले किती ते सांगा." पूर्ण मोजून दिले, पावती मागून घेतली. मग बॅग खांद्यावर घेताना म्हणाला, "मूठ आवळत नाही नीट अजून. खुरप्याला त्रास व्हतो." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, विचारलं असतं तर जसं सांगितलं असतं तसं सांगितलं. मी त्याला डॉक्टरकडं नेतो म्हणालो. "केस मिटू द्या आधी," म्हणाला. दादांचंच वाक्य.

कोर्टाची तारीख ऑगस्टमध्ये लागली. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवले, समजले का विचारलं, कुणाच्या दबावाखाली कबुली देताय का तेही विचारलं. नाही म्हणालो. "गुन्हा कबूल आहे?" "कबूल आहे." कलम १८५ खाली १०,००० रुपये, आणि बाकीच्या कलमांचे मिळून ४,५०० रुपये दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. दंड खिडकीवर भरला, पावती घेतली, आणि मागच्या बाकावर येऊन बसलो. दुपारचे साडेबारा झाले होते. कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे तिथंच बसून राहायचं, पोलिसाच्या नजरेखाली. लघवीला जायचं तरी विचारून.

बसल्या बसल्या दिवसभर दुसऱ्यांच्या केसेस ऐकल्या. बांधाची भांडणं, चेक वटला नाही, पोटगी. तीन वाजता एक पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला. तेवीस-चोवीसचा, नवा शर्ट, त्याच्यावर कुंकवाचा टिळा. घरून देव करून आला असणार. त्याचंही १८५. मोटारसायकल होती. त्याला पुढची तारीख मिळाली होती, वकिलाची वाट बघत होता.

"काय होतं हो?" त्यानं हळूच विचारलं. मी पावती दाखवली. त्यानं आकडा बघितला आणि तोंड वाकडं केलं. "मी थांबलो तेच चुकलं. मागं बसलेला दोस्त म्हणत व्हता, हाण पुढं, कोण येतंय मागं. हाणली असती तर काही झालं नसतं."

खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं. मी त्याच्याकडं सरकून बसलो आणि ढालेगावच्या पुलापासून सांगायला सुरुवात केली. होमगार्डचा हात सांगितला. लाईट बंद केले ते सांगितलं. त्यानं मधेच फोन काढला होता, तो परत खिशात ठेवला. बैलांचे डोळे सांगितले. मग ती बाई गाडीवर चढून कशी मोजत होती ते सांगितलं, एक, दोन, तीन, चार, आणि परत एकदा पहिल्यापासून. गोधडीबाहेर आलेली लाल स्वेटरची बाही सांगितली.

"अन् ते लाल स्वेटरवालं?" त्यानं विचारलं.

"झोपलेलं होतं," मी म्हणालो.

पट्टेवाल्यानं आवाज दिला. सगळे उभे राहिले, कोर्ट उठलं.